डॉक्टरांच्या अंगणाला ताप

"अगं, चांगला धडधाकट ड्राइव्हवे फोडायला घेतलाय त्यांनी," काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या.

त्यांच्या हातात कढीपत्त्याची कुंडी होती. ऑक्टोबर सरत आला की मिशिगनमधल्या झाडून साऱ्या मराठी घरांत कढीपत्ता आत घ्यायची घाई सुरू होते, हे खरं. पण वाळकी पानं खुडताना तोंड डॉक्टरांच्या घराकडेच ठेवायची काही गरज नसते.

आमची गल्ली ग्रँड रॅपिड्सच्या एका उपनगरात, उतारावर. सगळ्यात वर डॉक्टर, मग काकू, मग आम्ही आणि तळाला कोपऱ्यावर एक डच आजोबा. पुढच्या अंगणांना इथे कुंपण घालायची पद्धत नाही. मागे मात्र काकूंनी हरणांच्या बंदोबस्तासाठी कमरेइतकं लाकडी कुंपण घातलं. हरणं त्यावरून उडी मारून येतात, टोमॅटो खातात आणि जातात. पण कोपर टेकायला उंची बेताची झाल्यामुळे ते काढायचं नाव कुणी घेत नाही.

"फोडून करणार काय?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं. माहीत आहे म्हटलं की समोरचं माणूस निम्मंच सांगतं.

"खाली नळ्या अंथरणार. गरम पाण्याच्या. वर काँक्रीट. बर्फ पडला की आपोआप वितळून जाणार. डॉक्टर दुलईत, बर्फ गटारात."

"खर्च?"

"वीस हजार म्हणतात."

दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमीत मी वीसच ऐकलं होतं. भारतीय किराणा दुकानात पिठाच्या पोत्यापाशी ते तीस झाले आणि आमचे हे बॅडमिंटनहून आले तेव्हा पंचेचाळीस घेऊन आले. इथला साधारण भाव चौरस फुटाला बारा ते पंचवीस डॉलर, जुनं फोडून उचलायचं वेगळं. डॉक्टरांचा ड्राइव्हवे आठशे चौरस फुटांचा. म्हणजे वीस हजार खरे असायला काही हरकत नव्हती. वरचे पंचवीस आमच्या मराठी मंडळाने घातले होते.

"विजेची तार घालायची तर स्वस्तात झालं असतं ना?" मी म्हटलं.

इथे काकूंनी कुंडी खाली ठेवली. काकू लग्नाआधी साताऱ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. कुंपणावर बोटाने आकडे मांडायची त्यांना सवय आहे, आणि ते पुसले जात नाहीत असंच त्या धरून चालतात.

"तार घालायला स्वस्त, चालवायला महाग. चौरस फुटाला चाळीस वॅट धर. आठशे फुटांना किती झाले? बत्तीस हजार वॅट. दोनशे चाळीस व्होल्टनी भाग. एकशे तेहतीस अँपिअर. तुमच्या घराला अख्खं कनेक्शन केवढं?"

"दोनशे अँपिअर असेल."

"झालं तर. दोन तृतीयांश वीज अंगण खाणार. उरल्यात तू ओव्हन लावशील, ड्रायर लावशील की मोटार चार्ज करशील? नाकापेक्षा मोती जड. आता बर्फाचं बघ. आठशे चौरस फूट म्हणजे पंचाहत्तर चौरस मीटर. सहा इंच पडला, म्हणजे पंधरा सेंटिमीटर. ताज्या भुसभुशीत बर्फात दहावा हिस्सा पाणी. म्हणजे मीटरला पंधरा किलो. पंधरा पंचाहत्तर?"

"अकराशे पंचवीस."

"एक टन आणि वर सव्वाशे किलो. एका रात्रीत दारात येऊन पडतात, कुणी मागवलेले नसताना. आता ग्रॅमला ८० कॅलरी, आणि त्याही नुसत्या शून्याच्या बर्फाचं शून्याचं पाणी व्हायला. अप्रकट उष्मा! शाळेत शिकलीस ना? थर्मामीटर ढिम्म हलत नाही आणि पैसे जात राहतात. सगळे मिळून एकशे पाच युनिट. वाऱ्यात जाते, वाफेत जाते, कडेने जमिनीत जाते ती उष्णता तेवढीच धर. दोनशे युनिट झाले. एका बर्फाला."

मी मनात हिशेब केला. अमेरिकेतल्या सरासरी घराला दिवसाला तीसेक युनिट लागतात. म्हणजे आठवडाभराची वीज एका रात्रीत. ग्रँड रॅपिड्सला वर्षाकाठी पंचाहत्तर इंचांच्या आसपास बर्फ पडतो. पश्चिमेचा वारा मिशिगन सरोवरावरून ओल उचलतो आणि आमच्यावर आणून टाकतो. सरोवर सहसा पुरतं गोठत नाही, त्यामुळे त्याचा हा उद्योग फेब्रुवारीतही चालू असतो. असे सहा-सहा इंचांचे डझनभर हप्ते. युनिटला वीस सेंट धरले तर हप्त्याला चाळीस डॉलर, हिवाळ्याला पाचशे.

"पण पाचशे तर आपला प्लाववालाही घेतो," मी म्हटलं. पिकअपला पुढे पातं लावून पहाटे येतो आणि दहा मिनिटांत अंगण खरवडून जातो, तो.

"म्हणून तर त्यांनी गॅसचा बॉयलर घेतला. तेवढीच उष्णता गॅसने चौथ्या-पाचव्या हिश्शात मिळते. चालवायच्या खर्चाबद्दल मी डॉक्टरांना दोष देत नाही." काकूंनी दोष न देण्याचं जाहीर केलं की पुढे काहीतरी येत असतं. "पण वीस हजार बँकेत ठेव. चार टक्क्यांनी वर्षाचे आठशे. त्यातले पाचशे प्लाववाल्याला दे. तीनशे उरतात. आणि वीस हजार जागच्या जागी."

या हिशेबाला उत्तर नाही. मी काढून पाहिलं.

डॉक्टरांकडचा जॅकहॅमर तेवढ्यात थांबला. आम्ही दोघीही एकदम हळू आवाजात बोलू लागलो.

मी आदल्या दिवशी फिरायला जाताना मुद्दाम त्या बाजूने गेले होते. फोडलेल्या भागात खडी पसरून वर दोन इंची फोमचे निळे पत्रे टाकले होते, म्हणजे उष्णता खाली जमिनीत न जाता वर चढावी. त्यावर लोखंडी जाळी. तिला बोटभर जाडीची प्लास्टिकची नळी वीत-वीत अंतरावर, नागमोडी वळवत बांधत होते. तिच्यातून पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण फिरणार, कारण नुसतं पाणी एका रात्री गोठलं तर वीस हजारांचा चुराडा. काँक्रीट ओतण्याआधी नळीत हवा भरून दाब बघतात; एकदा वर सहा इंचांचा थर बसला की गळती शोधायला पुन्हा जॅकहॅमरच. गॅरेजच्या भिंतीवर बॉयलरची जागा आखून ठेवली होती. आणि काँक्रीटमध्येच बसवायची एक चकती, तिला थंडी आणि ओल अशी दोन्ही जाणवली तरच बॉयलर पेटणार.

"ते एक बरं आहे," काकू म्हणाल्या. "नुसत्या थंडीवर चालू होणारं असतं तर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत डॉक्टरांनी मिशिगन तापवलं असतं."

"पण लगेच वितळत नाही म्हणे. एवढा काँक्रीटचा दगड तापायला दोन-चार तास लागतात. वादळ यायच्या आधीच चालू करून ठेवायचं, नाहीतर सुरुवातीचे दोन इंच साठतातच."

"म्हणजे रात्री उठून हवामान बघायचं? त्यापेक्षा फावडं काय वाईट?"

फावड्याचा विषय निघाला की कारणांचा निघतो. डॉक्टरांनी हे का केलं याची गल्लीत तीन उत्तरं होती. एक, सोलापूरहून त्यांच्या आई येणार आहेत. दोन, मंडळातल्या एकाने मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधला, त्याला हे उत्तर. तीन, छातीत काहीतरी झालंय आणि सांगत नाहीत. तिसऱ्यावर काकूंचा भर होता, कारण दोन वर्षांमागे डॉक्टरांनी मंडळात याच विषयावर भाषण दिलं होतं आणि तेव्हा त्यांचा आवाज कापरा होता, असं काकूंना आता आठवत होतं.

भाषण मलाही आठवतंय, कारण नंतर बटाटेवडे होते. अमेरिकेत १९९० ते २००६ या काळात बर्फ उपसताना १,६४७ माणसं दगावली, म्हणजे वर्षाला शंभराच्या घरात, हा आकडा त्यांनी फळ्यावर लिहिला होता. दुसरी गोष्ट आपल्याच राज्यातली. डेट्रॉइटजवळ रॉयल ओकला, ब्यूमाँट हॉस्पिटलात बॅरी फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी धडधाकट पण व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांना ओला, जड बर्फ उपसायला लावलं आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. १९९५ साली ते छापून आलं. दोन-तीन मिनिटांतच ठोके व्यायामात जिथे थांबायला सांगतात त्या रेषेच्या पलीकडे. हात वर उचलण्याचं काम, पाय रोवलेले, श्वास कोंडलेला, वर थंड हवेने रक्तवाहिन्या आवळलेल्या. पंचेचाळिशीनंतर फावड्याला हात लावू नका, असं सांगून डॉक्टरांनी भाषण संपवलं. सभागृहात पंचेचाळिशीच्या आतला माणूस फक्त तबलजी होता.

"आणि मीठ?" मी म्हटलं. "मीठ टाकून भागत नाही का?"

"पोत्यामागून पोती टाकतात आणि पारा पंधरा फॅरनहाइटच्या खाली गेला की मीठ नुसतं बसून राहतं. वर काँक्रीटची सालपटं निघतात, मोटारीचे पत्रे गंजतात, आणि सगळं वाहत जातं तळ्यात. तिथून परत कोण काढणार? पण मिठाला आपण लाडावून ठेवलंय. डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण, हजार फुटांहून खोल. घरची गोष्ट असली की माणूस हात राखून वापरत नाही."

मला आता डॉक्टरांची बाजू घ्यावीशी वाटायला लागली. एकाच बाजूने गप्पा फार रंगत नाहीत. मी हॉलंडचं नाव काढलं.

हॉलंड म्हणजे आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावरचं गाव. मे महिन्यात ट्युलिप बघायला मंडळाची सहल जाते ते. तिथे हिवाळ्यात गेलात तर बाजारपेठेतले रस्ते आणि फुटपाथ कोरडे, आणि गल्लीबाहेर गुडघाभर बर्फ. खाली शंभर मैलांहून जास्त नळी पुरलेली आहे. तासाला इंचभर बर्फ वितळवतात, तेसुद्धा वीस फॅरनहाइटच्या थंडीत. १९८८ साली सुरू झालं. कल्पना आणि सुरुवातीच्या पैशाचा मोठा वाटा एडगर प्रिन्स या तिथल्याच कारखानदाराचा.

"बेट्सी डिव्हॉसचे वडील," काकू म्हणाल्या. वंशावळ त्यांना ठाऊक असते. "ट्रम्पच्या पहिल्या खेपेला शिक्षणमंत्री होती ती. आणि प्रिन्सची कमाई कशातून झाली, माहितीय? मोटारीत डोक्यावरची झडप खाली ओढली की दिव्याचा आरसा असतो ना, तो यांच्या कंपनीने काढला."

हे मला माहीत नव्हतं. देवळाच्या पार्किंगमध्ये टिकली सरळ करायला मी वर्षानुवर्षं तोच आरसा वापरतेय.

"मग?" मी म्हटलं. "हॉलंडचं चालतं, डॉक्टरांचं का नाही?"

"कारण हॉलंडने पाणी तापवलं नाही!" काकूंनी कुंपणावर चापट मारली. "वीजघर थंड करताना पाणी गरम होतंच. ते कोमट पाणी तळ्यात सोडून द्यायचे. प्रिन्स म्हणाला, सोडता कशाला, रस्त्याखालून फिरवून न्या. बर्फ वितळेल आणि पाणीही निवेल. जुनं कोळशाचं वीजघर गेलं, २०१७ पासून गॅसचं आलं, तरी फिरवणं तेच. टाकाऊ उष्णता वापरली तर ते शहाणपण. बाजारातून गॅस विकत आणून अंगण शेकायचं, ती हौस. हौसेला मोल नसतं, हे मलाही कळतं, पण हॉलंडचा दाखला देऊ नका."

माझा भाचा आइसलंडला जाऊन आला, तो असंच सांगत होता. रेक्याविकमध्ये जमिनीतलं गरम पाणी आधी घरांत फिरतं, खोल्या उबदार करतं, आणि पस्तीसेक अंशांवर येऊन बाहेर पडताना फुटपाथाखालून जातं. ओरेगॉनमधल्या क्लॅमथ फॉल्सनेही १९४८ मध्ये जमिनीतल्याच उष्णतेवर चढाचा रस्ता मोकळा ठेवायला सुरुवात केली. काकूंचा मुद्दा पक्का होत चालला होता आणि तो मीच पक्का करून देत होते. म्हणून मी जपानमधलं नागाओका काढलं. तिथे नळ्या पुरून तापवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. रस्त्याच्या मधोमध कारंज्यासारखी भोकं आणि त्यांतून विहिरीचं पाणी थेट बर्फावर. जमिनीतलं पाणी हिवाळ्यातही गोठणबिंदूच्या चांगलं वर असतं, तेवढं पुरतं. साठच्या दशकापासून चालू आहे.

"फुकट?"

"फुकट. फक्त पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबडे झाले, आणि एवढं उपसलं की जमीन खचायला लागली."

"बोअरवेलची कहाणी मला नको सांगूस," काकू म्हणाल्या. त्यांच्या माहेरची शेती खटावला आहे.

जॅकहॅमर पुन्हा सुरू झाला आणि आमचे आवाजही वर गेले. काकू आता खऱ्या दुखण्यावर आल्या. "तो टनभर बर्फ वितळला. बरं. पाणी कुठे जाणार? उताराने. उतारावर कोण राहतं?"

"तुम्ही."

"माझ्या दारातून वाहणार, रात्री गोठणार आणि सकाळी मी पेपर आणायला गेले की माकडहाड! बर्फ परवडला, तो दिसतो तरी. काचेसारखा गोठलेला थर दिसतही नाही. अगं, पुण्यात पागोळ्यांच्या पाण्यावरून दोन-दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या मी पाहिल्यात."

मी त्यांना थोडा दिलासा दिला. "तशी त्यांचीही फजिती होणारच आहे. नळ्या फुटपाथपर्यंतच. त्यापुढचा रस्त्याला लागून असलेला तुकडा पालिकेच्या हद्दीत. पालिकेचा प्लाव आला की बरोबर तिथेच ढीग लावून जातो."

काकूंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघण्यासारखं होतं. हिवाळ्यात इथे राहिलेल्या प्रत्येकाला तो ढीग ठाऊक आहे: रस्त्यावरचा चिखल, मीठ आणि बर्फ दाबून केलेला, गुडघ्याएवढा, विटेसारखा कडक. अंगणातला भुसभुशीत बर्फ एक वेळ झाडूने लोटता येतो. फावडं मोडतं ते त्या ढिगात. तो परत रस्त्यावर ढकलावा तर मिशिगनच्या कायद्याने मना. "म्हणजे वीस हजार घालून हलकं काम गेलं आणि जड राहिलं," काकू म्हणाल्या.

खालून डच आजोबा कुत्रा घेऊन वर आले. पश्चिम मिशिगनमधला डच माणूस म्हणजे इथला सदाशिवपेठी. सेकंडहँड स्नोब्लोअर स्वतः दुरुस्त करत वापरतो आणि त्याची पावती जपून ठेवतो. त्यांनी डॉक्टरांच्या खड्ड्याकडे बराच वेळ पाहिलं, आमच्याकडे पाहून मान हलवली आणि निघून गेले. नापसंतीसुद्धा काटकसरीने.

आणि तेवढ्यात डॉक्टरांची बायको घराच्या कडेने सरळ आमच्याकडे येताना दिसली.

"मातीत थोडं ताक घालायचं," काकू मला मोठ्याने सांगू लागल्या, "म्हणजे पानं हिरवीगार राहतात. या वहिनी, या! किती छान काम चाललंय हो तुमचं!"

वहिनींनी आधी आवाजाची माफी मागितली. मग म्हणाल्या, "काकू, पाण्याचं मनात आणू नका. खालच्या कडेला जाळीची नाली टाकतोय आडवी, तिच्याखालूनही एक नळी फिरवलीय म्हणजे नालीतलं गोठणार नाही. पाणी थेट पावसाच्या गटारात. तुमच्या दारात थेंब येणार नाही."

"छे हो, माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही," काकू म्हणाल्या.

मी न राहवून विचारलं, "वहिनी, पण एकदम एवढं का काढलंत?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. डॉक्टर खड्ड्याच्या काठावर उभे राहून कामगाराला नळी कशी बांधायची ते शिकवत होते. "अहो, जगाला सांगतात फावड्याला हात लावू नका, आणि स्वतः पहाटे पाचला बाहेर. गेल्या वर्षी मी फावडं बेसमेंटमध्ये लपवलं, तर जाऊन दुसरं घेऊन आले. प्लाववाला लावला, तर तो यायच्या आत उरकून मोकळे. त्याला पैसे द्यायचे ते द्यायचेच. मग म्हटलं, माणूस बदलत नाही तर जमीन बदलू."

यावर काकूंच्या आठशे वजा पाचशेचं काय करायचं, मला सुचेना. काकूही क्षणभर गप्प होत्या. मग त्यांनी कुंडी उचलली आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या त्या माणसाला म्हणावं, आमच्या मागच्या तीन पायऱ्या होतील का बघ. गुडघ्यांचं काही खरं नाही हल्ली."

"पायऱ्यांना बॉयलर कशाला? रबरी मॅट मिळते, आत तार असलेली. पायरीवर टाकायची, एकीला एक जोडायची, साध्या प्लगवर चालते. माझ्या बहिणीकडे आहेत. मी दुकानाचं नाव पाठवते ना व्हॉट्सअॅपवर. तीन घ्या."

काकूंनी आपल्या मागच्या दाराकडे पाहिलं, मग सूर्याकडे पाहिलं.

"दोनच पुरेत," त्या म्हणाल्या. "खालच्या पायरीवर दुपारचं ऊन येतं."